डबल-डबलची वही

गेल्या वर्षी पावसाळ्यात, मगरिब झाल्यावर, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत मी त्याला मराठी शिकवलं. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि आमच्या मोहल्ल्यातली बीसी तोच सांभाळायचा. (तुम्ही भिशी म्हणता, आमच्याकडे बीसी म्हणतात.) चोवीस घरं, महिन्याला पाच हजार, म्हणजे ज्याचा नंबर लागेल त्याच्या हातात एक लाख वीस हजार. त्या महिन्यात नंबर होता शिवणकाम करणाऱ्या एका खालांचा. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची म्हणून त्या दीड वर्ष आपल्या नंबरची वाट पाहत होत्या.

पोरानं चहाला हात लावला नाही. शंभर पानी वही माझ्यापुढं सरकवली. मला वाटलं बीसीचा हिशेब असेल. हिशेबच होता, पण वेगळा. मोबाइलवर लाल-हिरव्याचा एक खेळ चालतो. दर थोड्या वेळानं एक रंग लागतो, बरोबर आला तर पैसे दुप्पट, मधूनच जांभळा आला की अर्धेच. यानं त्यावर एक पद्धत बसवली होती. पन्नास रुपये हिरव्यावर. हरला की शंभर. पुन्हा हरला की दोनशे, मग चारशे. कधी ना कधी हिरवा येणारच. आला की आधीचं सगळं वसूल, वर पन्नास रुपये नफा. मग पुन्हा पन्नासपासून सुरुवात. पद्धतीचं नाव डबल-डबल. दोन महिन्यांत त्यानं साडेनऊ हजार रुपये मिळवले होते आणि एकेक डाव तारखेसकट लिहून ठेवला होता. अक्षर सुंदर. माझ्याच हाताखालचं.

मग एका रात्री हिरवा ओळीनं अकरा वेळा आला नाही. पन्नासपासून निघालेला डाव अकराव्या वेळी ५१,२०० वर पोचला होता. एकूण गेले १,०२,३५०. बीसीचे.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "सर, सिस्टीम चुकीची नव्हती. बाराव्या डावाला एक लाख दोन हजार चारशे लागत होते. तेवढे असते तर सगळं परत आलं असतं."

"आणि नफा किती झाला असता?" मी विचारलं.

तो थांबला. "पन्नास रुपये."

मी भाषेचा माणूस. बी. एड.ला गणिताच्या मेथडपासून चार हात लांब राहिलेला. पण इतिहास वाचायची सवय आहे, आणि त्या रात्री झोप न आल्यामुळे मी जे वाचायला घेतलं ते पुढं दोन महिने सुटलं नाही. कारण माझ्या विद्यार्थ्याची ती वही अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये, व्हेनिसमध्ये, नंतर माँटे कार्लोमध्ये जशीच्या तशी लिहिली गेली होती. फक्त अक्षर दुसऱ्याचं.

या पद्धतीला युरोपात मार्टिंगेल म्हणतात. अठराव्या शतकात ती इतकी सर्रास होती की कासानोव्हासारख्या माणसाच्या आठवणींतही ती येते. १७५४ च्या सुमारास व्हेनिसमध्ये तो फारो नावाच्या पत्त्यांच्या खेळात मार्टिंगेल लावायचा. पैसे त्याच्या प्रेयसीचे. सुरुवातीला भराभर जिंकला, नंतर दुप्पट करता करता तिचा पैसा संपवून बसला. दुसऱ्याचा पैसा हा या पद्धतीचा जुना सोबती दिसतो, कारण स्वतःचा लवकर पुरा पडत नाही.

रुलेटचं चक्र त्यानंतरचं. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी ते आजच्या रूपात दिसू लागलं. फिरतं चाक, त्यात एकापासून छत्तीसपर्यंतचे खण, अर्धे लाल, अर्धे काळे, आणि एक शून्य, एक दुहेरी शून्य. चाक एका दिशेनं फिरवायचं, गोळी उलट दिशेनं सोडायची. १८३७ च्या अखेरीस फ्रान्सनं जुगारघरं बंद केली आणि धंदा जर्मनीतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांकडे सरकला. त्यातल्या बाट होम्बुर्ग गावात फ्रान्स्वा ब्लाँ आणि लुई ब्लाँ या जुळ्या भावांनी १८४३ मध्ये एक शून्य काढून टाकलं. इतर ठिकाणी दोन शून्यं, आमच्याकडे एकच, अशी ती जाहिरात. गिऱ्हाईक तुटून पडलं.

या ब्लाँ बंधूंबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्याआधी ते बोर्दोमध्ये सरकारी रोख्यांचा व्यवहार करत. पॅरिसच्या बाजारभावाची खबर बोर्दोला टपालगाडीनं यायला काही दिवस लागत. सरकारकडे मात्र टेकड्यांवरच्या मनोऱ्यांतून हात हलवून निरोप पोचवणारी यंत्रणा होती. भावांनी त्यातल्या माणसांना लाच देऊन सरकारी निरोपात एक खूण घुसवायला लावली, आणि भाव वर गेला की खाली हे बाकीच्यांच्या आधी कळवून घेतलं. दोन वर्षं हे चाललं. पकडले गेले तेव्हा असल्या गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून खटल्याचा खर्च भरून सुटले. ज्या माणसानं पुढं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध जुगारघर उभं केलं, तो स्वतः नशिबावर एक पैसाही लावणारा नव्हता. ब्लाँ म्हणजे फ्रेंचमध्ये पांढरा. लोक गमतीनं म्हणत, कधी लाल जिंकतो, कधी काळा, पण पांढरा नेहमीच.

१८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लाँनं मोनॅकोच्या जुगारघराचा मक्ता घेतला. मोनॅको तेव्हा कंगाल झालेलं. दोनच वर्षांपूर्वी मांताँ आणि रोकब्रून ही दोन गावं, म्हणजे राज्याचा बहुतेक मुलूख, चाळीस लाख फ्रँकवर फ्रान्सला देऊन टाकावा लागला होता. उरला खडक आणि समुद्र. ब्लाँनं तिथं हॉटेलं, बागा उभारल्या, १८६८ मध्ये रेल्वे आली, आणि १८६९ मध्ये राजानं प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ करून टाकले. राज्य रुलेटवर चालू लागलं. पण त्याच राज्यात एक नियम होता आणि आजही आहे: मोनॅकोच्या नागरिकानं आपल्या देशातल्या जुगारघरात खेळायचं नाही.

हे वाचताना मला पणजी आठवली. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला बंदी आहे. बाहेरच्यांनी यावं. आपल्या महाराष्ट्रानंही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो सत्तेचाळीस वर्षं नुसता कागदावर राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जिथं जुगारघर असतं तिथल्या सरकारला आतला हिशेब नीट कळतो. आपल्या लोकांना दारातच अडवणारा दुकानदार आणखी कुठल्या धंद्यात सापडेल?

आता तो हिशेब. एका शून्याच्या चक्रात ३७ खण. १८ लाल, १८ काळे, एक हिरवं शून्य. लालवर लावलं आणि लाल आला तर लावलेल्याइतकेच पैसे मिळतात. चक्रावर शून्य नसतं तर हा बरोबरीचा सौदा. शून्यामुळे जिंकायचे खण १८ आणि हरायचे १९. एकाच आकड्यावर लावलं तर ३५ पट मिळतात, पण खण ३७. कुठंही लावा, शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे घरचे. दोन शून्यांच्या चक्रात तेच सव्वापाच रुपये होतात. एवढीशीच फट आहे. ब्लाँनं त्यातून शहर बांधलं.

माझ्या विद्यार्थ्याची अकरा डावांची पद्धत या चक्रावर बसवून बघितली. शाळेतल्या गणिताच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासून दिले, चूक असेल तर त्यांच्याकडे बोट दाखवीन. आधी शून्य नसलेलं, अगदी प्रामाणिक चक्र घेऊ. तिथं ओळीनं अकरा वेळा हरायची शक्यता २,०४८ मध्ये एक. म्हणजे २,०४७ वेळा पन्नास-पन्नास रुपये मिळणार, आणि एकदा सगळं जाणार. २,०४७ गुणिले ५० करा. येतात १,०२,३५०. एकदा जाणारी रक्कम किती? १,०२,३५०. बरोबर तेवढीच, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. हे बघून मी वही मिटून काही वेळ तसाच बसलो.

आता शून्य टाका. अकरा वेळा हरायची शक्यता १,५२७ मध्ये एक होते. १,५२६ वेळा पन्नास, म्हणजे ७६,३०० मिळणार, आणि एकदा १,०२,३५० जाणार. २६,०५० रुपयांचा खड्डा. डाव बारा करा, वीस करा, गाठीला दोन लाख असोत की दोन कोटी, खड्डा भरत नाही. उलट जितके जास्त पैसे लावले तितका तो शंभराला दोन सत्तरच्या भावानं खोल होतो. पद्धत काय करते, तर तोट्याचा आकार बदलते. रोज थोडं थोडं हरण्याऐवजी रोज थोडं थोडं जिंकायचं आणि एके दिवशी सगळं घालवायचं. त्या एके दिवसापर्यंत माणूस हुशार असतो. माझ्या पोराच्या वहीत जवळपास दोनशे बरोबरच्या खुणा होत्या आणि त्यातली प्रत्येक खूण त्याला सांगत होती की तुझी पद्धत चालते.

शिवाय जुगारघरं टेबलावर वरची मर्यादा घालतात. जुन्या माँटे कार्लोत कमीत कमी पाच फ्रँक आणि लाल-काळ्यावर जास्तीत जास्त सहा हजार लावता येत. पाचपासून दुप्पट करत गेलं तर अकरावा डाव ५,१२०. बारावा लावू देतच नाहीत. पुष्कळ लोकांचा समज आहे की मर्यादा नसती तर मार्टिंगेलनं जुगारघर बुडवलं असतं. तसं नाही. मर्यादा नसेल तर तुमची गाठ संपायची वाट बघायची, एवढंच.

दुसरी एक पद्धत मोठ्या माणसाच्या नावावर चालते. झ्याँ ल रों दालाँबेर हा अठराव्या शतकातला फ्रान्सचा थोर गणिती. जन्मल्यावर आईनं त्याला पॅरिसमध्ये एका चर्चच्या पायरीवर सोडलं होतं; चर्चचंच नाव त्याला मिळालं. हरलं की एक नग वाढवायचा, जिंकलं की एक नग कमी करायचा, अशी ती सौम्य पद्धत. पण मला त्याची आठवण दुसऱ्याच गोष्टीसाठी ठेवावीशी वाटते. १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात त्यानं नाणेफेकीवर एक नोंद लिहिली. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छाप पडायची शक्यता किती? आपल्या नववीच्या पोराला विचारा, तो चार शक्यता मांडून सांगेल: चारात तीन. दालाँबेर म्हणाला, तिनात दोन. पहिल्यांदाच छाप पडली तर खेळ संपला, म्हणून त्यानं तीनच शक्यता मोजल्या आणि तिन्ही सारख्या वजनाच्या धरल्या. एवढा मोठा गणिती नाणेफेकीत चुकला. मग मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराला मी काय बोलणार होतो?

तिसरी पद्धत इंग्लंडचे खासदार आणि पत्रकार हेन्री लाबूशेर यांच्या नावावर आहे. कागदावर आकड्यांची ओळ लिहायची, पहिला आणि शेवटचा आकडा मिळवून तेवढं लावायचं, जिंकलं तर ते दोन खोडायचे, हरलं तर लावलेली रक्कम ओळीच्या शेवटी जोडायची. ओळ संपली की नफा. कागद-पेन्सिल असल्यामुळे ही पद्धत फार विद्वान दिसते. ओळ वाढत जाते तेव्हा काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल.

या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत आहे. बराच वेळ लाल आला, म्हणजे आता काळा यायलाच हवा. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या एका टेबलावर काळा ओळीनं येऊ लागला. पंधरा वेळा झाल्यावर लोक लालवर तुटून पडले, दुप्पट-चौपट लावू लागले. काळा सव्वीस वेळा आला. आधीच ठरवून सव्वीस वेळा काळा मागितला तर तो यायची शक्यता सुमारे तेरा कोटी अडुसष्ट लाखांत एक आहे. पण पंचवीस झाल्यानंतर सव्विसाव्याची शक्यता? तीच, सदतिसात अठरा. गोळीला मागचं आठवत नाही. जुगारघरानं त्या रात्री लाखो फ्रँक कमावले.

लाप्लासनं १८१४ मध्ये या समजुतीचं एक उदाहरण लिहून ठेवलंय. ज्यांना मुलगा हवा आहे असे बाप गावात मुलगे जास्त जन्मले की काळजीत पडतात, का तर आता मुलींची पाळी येणार. दोनशे वर्षं झाली. आमच्या स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं, तीन मुली झाल्या, आता मुलगाच. त्यात हिंदू-मुसलमान काही नाही.

मग माँटे कार्लोला कुणी हरवलंच नाही का? हरवलं. विद्यार्थ्यानंही मला हेच विचारलं, आणि यूट्यूबवर त्यानं ती नावं ऐकली होती.

एक होता यॉर्कशरचा जोसेफ जॅगर, कापड धंद्यातला माणूस. यंत्रांशी आयुष्य गेलेलं. कुठलंही फिरतं चाक शंभर टक्के समतोल नसतं हे त्याला हातानं माहीत होतं. १८८० च्या आसपास त्यानं माणसं लावून माँटे कार्लोच्या चक्रांवर येणारे आकडे उतरवून घेतले आणि एका चक्रावर काही आकडे जरा जास्त येतात हे हेरलं. त्यावर लावून त्यानं मोठी रक्कम जिंकली. घरवाल्यांनी चक्रं हलवल्यावर काही काळ हरला, मग शहाणपणानं उरलेलं घेऊन गावी गेला. लक्षात घ्या, त्यानं पैसे लावायची पद्धत शोधली नव्हती. त्यानं बिघडलेलं यंत्र शोधलं होतं. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन अमेरिकन विद्वानांनी बुटात दडवलेल्या बटणांचा, सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवून गोळीचा आणि चाकाचा वेग मोजून बघितला, तोही याच जातीचा प्रयत्न. कानात घातलेल्या यंत्राची तार सारखी तुटायची म्हणून तो फार पुढं गेला नाही, आणि १९८५ मध्ये नेवाडा राज्यानं असल्या यंत्रांवर बंदीच घातली. मोबाइलमधल्या रंगांना तर ना चाक, ना गोळी. मोजणार काय?

दुसरं नाव चार्ल्स वेल्स. याच्यावर इंग्लंडच्या रंगमंचांवर गाणं गाजलं, माँटे कार्लोची बँक फोडणारा माणूस म्हणून. १८९१ च्या जुलैमध्ये तो काही दिवस असा जिंकत गेला की टेबलावरची रक्कम वारंवार संपली. तसं झालं की त्या टेबलावर काळं कापड टाकत आणि तिजोरीतून नवी रक्कम येईपर्यंत खेळ थांबवत. बँक फोडणं म्हणजे एवढंच, पण बातमी जगभर गेली आणि टेबलांवर गर्दी वाढली. जुगारघराला याहून स्वस्त जाहिरात कुठून मिळणार? वेल्स सांगत सुटला की त्याच्याकडे हमखास पद्धत आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे होता लोकांचा पैसा. जहाजांचा कोळसा वाचवणाऱ्या यंत्राचा शोध लावलाय असं सांगून त्यानं श्रीमंतांकडून हजारो पौंड उकळले होते. पुढच्या वर्षी तो हरला, डिसेंबर १८९२ मध्ये फ्रान्सच्या बंदरात आपल्या जहाजावर पकडला गेला आणि लंडनच्या कोर्टानं आठ वर्षांची सजा दिली. सुटल्यानंतर काही वर्षांनी त्यानं पॅरिसमध्ये नाव बदलून पेढी काढली. दिवसाला एक टक्का व्याज. आपल्याकडच्या दामदुप्पटवाल्यांचा हा खापरपणजोबाच म्हणायचा.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग १९०८ चा. लॉर्ड रॉसलिन नावाच्या उमरावाला आपल्या पद्धतीवर भरवसा होता. मशीनगनचा संशोधक हायरम मॅक्झिम म्हणत होता की हा मूर्खपणा आहे. लंडनमध्ये दोघं समोरासमोर बसले, खोट्या पैशांनी, दिवसचे दिवस. मॅक्झिम घरवाला, रॉसलिन खेळणारा. मधे रॉसलिन वरचढ झाला होता. शेवटी त्याचे सगळे खोटे पैसे संपले. प्रत्येक पद्धतवाल्यानं हे आधी करून बघावं असं मला वाटतं: वहीत, खोट्या पैशांनी, आणि हरल्यावरही थांबायचं नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी फाशाचे अकरा-अकरा डाव खेळायला बसवलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी त्याला कंटाळा आला. खऱ्या पैशांशिवाय त्यात काही उरतच नाही.

गणितज्ञांनी हा विषय १९३९ मध्ये बंद केला म्हणता येईल. झ्याँ व्हिल या फ्रेंच माणसानं आपल्या प्रबंधात मार्टिंगेल हाच शब्द उचलला आणि बरोबरीच्या खेळाला ते नाव दिलं. पुढं अमेरिकेच्या जोसेफ डूबनं त्यावर मोठं शास्त्र उभं केलं. त्याचं सार आपल्या भाषेत असं, की बरोबरीच्या खेळात मर्यादित पैसा आणि मर्यादित वेळ असलेला माणूस कधी किती लावायचं आणि कधी उठायचं हे ठरवून सरासरीत पुढं जाऊ शकत नाही. आणि रुलेट तर बरोबरीचा खेळही नाही.

पण माणूस गणितानं थांबतो असं नाही. दोस्तोएव्हस्कीची पद्धत आकड्यांची नव्हती. त्याचं म्हणणं, डोकं थंड ठेवलं की जिंकता येतं. १८६३ पासून तो जर्मनीतल्या जुगारघरांत हे करून बघत होता. १८६६ मध्ये प्रकाशकाच्या जाचक करारापायी त्यानं ‘जुगारी’ ही कादंबरी महिन्याच्या आत तोंडी सांगून लिहवली. जिला सांगितली त्या ॲनाशी पुढं लग्न झालं. दुसऱ्याच वर्षी बाडेन-बाडेनमध्ये तिचे दागिने, कपडे, लग्नाची अंगठीसुद्धा गहाण पडली. ही कादंबरी लिहून झाल्यानंतर. म्हणजे जुगाऱ्याचं मन जगात ज्याला सगळ्यात जास्त कळलं होतं, तोच.

आणि आमचा गालिब. अकरावीच्या वर्गात त्याची गजल शिकवताना मी १८४७ साल टाळत आलो. त्या वर्षी दिल्लीत घरात जुगार चालवल्याबद्दल त्याला अटक झाली, सहा महिन्यांची सजा आणि दोनशे रुपये दंड झाला, तीन महिन्यांनी सुटका. तुरुंगात त्यानं फारसीत लिहिलं. दोस्त बरेचसे लांब गेले, नवाब शेफ्ता मात्र उभा राहिला. या वर्षी मी हा भाग वर्गात सांगितला. पोरं जास्त लक्ष देऊन बसली.

अरबीत जुगाराला ‘मैसिर’ म्हणतात. इस्लामच्या आधीच्या अरबांचा तो खेळ: उंट कापायचा, खुणा केलेले दहा बाण, सातांना वाटा, तिघांना काहीच नाही, आणि मांस बऱ्याचदा गरिबांत वाटलं जायचं. म्हणून कुरआनमध्ये जिथं दारू आणि मैसिरबद्दल विचारणा येते, तिथं दोन्हींत मोठं पाप आहे असं सांगतानाच त्यात लोकांना काही फायदाही आहे हे मान्य केलंय, मग पाप फायद्याहून मोठं म्हटलंय. आमच्याकडे बयानात फायद्याचा भाग कुणी फारसा सांगत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण साडेनऊ हजार मिळवलेल्या पोराला ‘यात काही मिळत नाही’ म्हटलं तर तो आपली वही दाखवतो आणि तुम्ही खोटे पडता. या शब्दाचा धातू ‘युस्र’शी जोडतात. युस्र म्हणजे सोपेपणा. सहज हाती आलेलं.

खालांकडे मी त्याच्याबरोबर गेलो. त्यानंच सांगावं असं ठरलं होतं, आणि त्यानंच सांगितलं. त्या मशीनवरून उठल्या नाहीत. फक्त विचारलं, "बेटा, फीस की आखरी तारीख बीस है, मालूम था न तुझे?" त्याला मालूम होतं. त्याची मोटरसायकल विकली, दुकानातले काही सुटे भाग गेले, बाकीचं आम्ही तिघांनी घातलं. फी तेवीस तारखेला भरली, दंडासकट. बीसी आता दुसऱ्याच्या हातात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यानंतरही त्याच्या मोबाइलवर नव्या नावाच्या लिंका येतात. त्यानंच मला दाखवल्या. दर दहा तारखेला तो आमचा हप्ता आणून देतो. मागच्या वेळी उठता उठता म्हणाला, "सर, त्या दिवशी बारावा डाव कुठला लागला, मी नंतर बघितला होता."

"मग?"

"हिरवाच होता," तो म्हणाला, आणि चप्पल घालून जिना उतरला.